कोविडची लस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नोंदणी, रांग, ताप आणि प्रमाणपत्र

मार्च ते ऑगस्ट २०२१ या सहा महिन्यांत घरातल्या सहा माणसांच्या लसीचं मी पाहिलं. काहींना स्वतः घेऊन गेले, काहींचं फोनवरून जमवलं. आई सातारा जिल्ह्यात गावी, काका आणि आत्याही तिथेच, चुलतभाऊ डोंबिवलीला, मी पुण्यात आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. इंजेक्शनला दहा सेकंद लागतात. त्रास होतो तो त्याच्या आधी आणि नंतर, आणि आमच्या घरी तरी त्यातला निम्मा एकाच गोष्टीवरून झाला: नोंदणीच्या वेळी कुणाचा मोबाईल नंबर दिला होता. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते आहे.

खालची माहिती ऑगस्ट २०२१ च्या मध्यापर्यंतची आहे; त्यातले नियम, किमती आणि सोयी तेव्हाच्या आहेत. नियम त्या सहा महिन्यांतच अनेकदा बदलले, त्यामुळे जायच्या आदल्या दिवशी १०७५ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या सरकारी केंद्रात एकदा विचारून घ्यावं लागायचं.

१. तुमचा नंबर लागतो का?

ऑगस्ट २०२१ मध्ये १८ वर्षं पूर्ण असलेल्या प्रत्येकाला लस मिळत होती. हे टप्प्याटप्प्याने झालं: १६ जानेवारीला आरोग्य कर्मचारी, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५ ते ५९ मधले आजार असलेले, १ एप्रिलपासून ४५ च्या पुढचे सगळे, १ मेपासून १८ ते ४४. आपल्याकडे राज्यात साठा नसल्याने हा शेवटचा गट मेच्या मध्यात थांबवावा लागला आणि जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. हा इतिहास सांगायचं कारण असं, की आधीच्या टप्प्यांतले मेसेज नंतरही फिरत होते. मार्चमध्ये माझ्या ५२ वर्षांच्या काकांना मधुमेहाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट न्यावं लागलं होतं. ऑगस्टमध्ये ते कुणालाच लागत नव्हतं.

स्तनदा मातांना मे २०२१ पासून आणि गरोदर स्त्रियांना जुलैपासून लस घेता येऊ लागली. गरोदर असाल तर आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण "गरोदरपणात चालतच नाही" हे आता खरं नाही. पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर लस घेऊ नये, हा मेसेजही खोटा आहे. माझ्या दोन मैत्रिणींनी त्यावर विश्वास ठेवून मिळालेला स्लॉट (लसीची ठरलेली वेळ) सोडला आणि पुढे तीन आठवडे त्यांना दुसरा मिळाला नाही.

१८ च्या आतल्या मुलांसाठी लसीकरण तेव्हा सुरू झालेलं नव्हतं.

२. कुणी थांबायचं, कुणी आधी विचारायचं

- नुकताच कोविड होऊन गेला असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे बरं झाल्यापासून ३ महिने थांबायचं होतं. पहिल्या डोसनंतर कोविड झाला, तरी दुसऱ्या डोससाठी हाच नियम होता. काकांचं असंच झालं: मार्चमध्ये पहिला डोस, एप्रिलमध्ये कोविड, आणि दुसरा डोस जुलैच्या शेवटी.
- प्लाझ्मा किंवा अँटिबॉडीचं इंजेक्शन घेतलं असेल, तरी दवाखान्यातून घरी आल्यापासून ३ महिने.
- दुसऱ्या एखाद्या गंभीर आजारासाठी दवाखान्यात दाखल असाल तर बरं झाल्यावर ४ ते ८ आठवडे.
- त्या दिवशी ताप असेल तर जाऊ नका. ताप उतरला की जा.
- आधीच्या डोसनंतर किंवा लसीतल्या एखाद्या घटकामुळे तीव्र ॲलर्जी झाली असेल, म्हणजे घसा सुजणं, श्वास लागणं, तर ती लस घ्यायची नाही. इतर कुठल्याही औषधाची मोठी ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टर.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारा आणि केंद्रावर सिस्टरनाही सांगा. काकांना डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून लस घ्यायला सांगितली. इंजेक्शननंतर ती जागा चोळायची नाही, कापसाने नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरायची, एवढं पथ्य. बीपीच्या किंवा साखरेच्या गोळ्या मनाने बंद करू नका. त्या दिवशीही घ्यायच्या.

३. आधी नंबर ठरवा, मग नोंदणी करा

कोविन या लसीकरणाच्या सरकारी साईटवर तेव्हा एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंदणी होत असे. लसीचा मेसेज, दुसऱ्या डोसची वेळ आणि प्रमाणपत्र हे सगळं त्या एका नंबरवर यायचं. तो नंबर हरवला, बंद पडला किंवा भलत्याच माणसाचा असला, की पुढचं सगळं अडायचं.

आईचा पहिला डोस १५ मार्चला गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाला. आईकडे साधा फोन, तोही घरी राहिलेला. तिथल्या तिथे नोंदणी करताना नंबर विचारला, तेव्हा रांगेत पुढे उभ्या असलेल्या शेजारणीने आपल्या मुलाचा नंबर देऊन टाकला. चांगल्या मनानेच दिला. जूनमध्ये दुसऱ्या डोसला मी सोबत होते, मी माझा नंबर सांगितला. यंत्रणेत माझ्या नंबरवर आईचं नाव नव्हतं, म्हणून नवी नोंदणी झाली. आई दोन्ही डोस घेऊन घरी आली आणि कोविनवर मात्र ती दोन बायका झाली: दोघींचाही पहिलाच डोस झालेला. शेजारणीचा मुलगा तोवर कामासाठी गुजरातला गेलेला. त्याला रात्री नऊ वाजता फोन करून ओटीपी मागायचा, आणि ओटीपी तीन मिनिटांत वाया जातो. ते पुढे कसं सुटलं ते नवव्या मुद्द्यात आहे.

म्हणून एवढं करा:

घरात ज्याचा नंबर वर्षानुवर्षं तोच आहे आणि जो फोन उचलतो, त्याचा नंबर ठरवा. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात तो नंबर कागदावर लिहून ठेवा, कारण केंद्रावरच्या गडबडीत तो आठवत नाही. आणि दोन्ही डोसांना तोच नंबर, तेच ओळखपत्र.

नोंदणी कोविनच्या साईटवर किंवा आरोग्य सेतू ॲपमध्ये व्हायची. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी, मग ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, नाव, लिंग, जन्मवर्ष. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं पेन्शन पासबुक यांपैकी कोणतंही चालायचं. नाव ओळखपत्रावर जसं आहे अगदी तसंच टाका. आपल्याकडे आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, असं सर्रास असतं. परदेशी जायची थोडीही शक्यता असेल तर पासपोर्टवरच्या नावाने नोंदणी करा.

घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन, शेतावरचे गडी यांच्यातल्या कितीतरी जणांची नोंदणी "ओटीपी कुठे येतो ते कळत नाही" एवढ्यावर राहिली होती. तुमच्या नंबरवर जागा रिकामी असेल तर त्यांचं नाव घाला. पण मग दुसऱ्या डोसपर्यंतची जबाबदारी तुमची, हे लक्षात ठेवून घाला.

४. स्लॉट घ्यायचा की थेट जायचं?

मेमध्ये १८ ते ४४ ला स्लॉटशिवाय प्रवेशच नव्हता. मी सलग पाच संध्याकाळी फोन घेऊन बसले. पिनकोडने शोधलं तर काहीच दिसायचं नाही, जिल्ह्याने शोधलं तर शिल्लक जागांचा हिरवा आकडा दिसायचा आणि दाबेपर्यंत शून्य व्हायचा. शेवटी ७ मेचा स्लॉट मिळाला तो पुण्यापासून तासभर दूर एका गावच्या केंद्रात. तिथे पोचले तर माझ्यासारखीच शहरातून आलेली गाड्यांची ओळ, आणि कट्ट्यावर गावातली माणसं बसलेली. त्यांचं गाव, त्यांचं केंद्र, आणि फोन नसल्याने त्यांनाच नंबर नाही. एक आजोबा मला विचारत होते, "तुम्हाला तिकडं मिळत नाय का?" मी रांगेत उभी राहिले आणि लस घेतली. ते चुकीचं होतं असं मला आजही वाटतं.

नंतर तशी वेळ राहिली नाही. २१ जून २०२१ पासून १८ च्या पुढच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात मोफत लस मिळू लागली आणि थेट जाऊनही तिथेच नोंदणी होऊ लागली. माझं तेव्हाचं मत विचाराल तर:

- स्मार्टफोन नसलेल्यांनी थेट सरकारी केंद्रात जावं, सकाळी लवकर. बहुतेक ठिकाणी टोकन देतात आणि ती संपली की संपली. खेड्यात आशाताईंना आदल्या दिवशी विचारा. उपकेंद्रात लस कधी येणार हे त्यांना आधी कळतं.
- फोन असणाऱ्यांनी जमेल तर स्लॉट घ्यावा, म्हणजे टोकन फोन नसलेल्यांना राहतात.
- खासगी दवाखान्यात सरकारने ठरवून दिलेली तीन लसींची कमाल किंमत २०२१ मध्ये अशी होती: कोविशिल्ड ७८० रुपये, कोवॅक्सिन १,४१० आणि स्पुटनिक १,१४५, सेवाशुल्क धरून. त्यावर एक रुपयाही द्यायचा नव्हता.

स्लॉट घेतला की चार आकडी गुप्त कोड मिळायचा. तो फक्त केंद्रावर, लस द्यायच्या वेळी सांगायचा. फोनवर कुणी विचारला तर सांगू नका. स्लॉट घेऊन न गेलेल्या लोकांनाही "तुमचं लसीकरण झालं" असे मेसेज जात होते, म्हणूनच मेपासून हा कोड सुरू झाला.

सोसायटीत किंवा ऑफिसात शिबिर असेल तर ते कोणत्या दवाखान्याचं आहे हे त्या दवाखान्यात फोन करून विचारा. मेच्या शेवटी कांदिवलीच्या एका गृहसंकुलात बनावट शिबिर झालं. लोकांना मेसेज आले नाहीत, प्रमाणपत्रं भलत्याच नावांच्या दवाखान्यांची आली, तेव्हा संशय आला. लस घेऊन घरी पोचेपर्यंत मेसेज आला नाही तर त्याच दिवशी विचारा.

५. सोबत काय न्यायचं

- नोंदणीत दिलेलंच मूळ ओळखपत्र आणि एक झेरॉक्स
- ज्याच्या नंबरवर नोंदणी आहे तो फोन, चार्ज केलेला. तो माणूस सोबत नसेल तर त्या वेळी फोन जवळ ठेवायला त्याला सांगून ठेवा
- स्लॉटची पावती किंवा कागदावर गुप्त कोड
- दुसरा डोस असेल तर पहिल्याचं प्रमाणपत्र, निदान संदर्भ क्रमांक
- चालू गोळ्यांची चिठ्ठी
- पाण्याची बाटली, मास्क, आणि म्हाताऱ्यांसाठी एखादं बिस्किट

उपाशी जाऊ नका. आत्या उपवास होता म्हणून नुसत्या चहावर गेली, दोन तास रांगेत उभी राहिली आणि तिला घेरी आली. तिथल्या बायका म्हणाल्या लसीने झालं. लस तर अजून टोचलीच नव्हती.

कपडे सैल बाहीचे. सुई दंडाच्या वरच्या भागात, खांद्याच्या जरा खाली टोचतात. आईच्या ब्लाऊजची बाही कोपरापर्यंत आणि घट्ट, वर सरकेना. शेवटी सिस्टरनी दोन बायकांना साडीचा आडोसा धरायला लावून खांदा मोकळा केला. दुसऱ्या वेळी मी तिला सैल पोलकं घालूनच नेलं.

६. केंद्रावर

प्रतीक्षा, कागदपत्रं तपासणी, लस, मग अर्धा तास बसणं, असा क्रम असतो. दोन गोष्टींवरून लोक भांडतात, त्या आधीच सांगते.

पहिली: "लस आहे, तर देत का नाहीत?" कोविशिल्डच्या एका कुपीत १० डोस असतात आणि कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते. त्यामुळे संध्याकाळी तुम्ही तिघेच असाल तर सिस्टर आणखी माणसं जमेपर्यंत थांबवतात. त्या टाळाटाळ करत नाहीत, उरलेले डोस फेकावे लागू नयेत म्हणून थांबतात.

दुसरी: अर्धा तास बसणं. तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा या वेळातच होते आणि तिच्यावरचं इंजेक्शन तिथे तयार असतं. गाडीत बसून घरी निघालात तर ते मिळणार नाही. म्हणून बसा, घाई करू नका.

लस टोचायच्या आधी नाव, लसीचं नाव आणि कितवा डोस हे सिस्टरना विचारा, आणि संगणकावर बसलेल्यालाही. आईच्या वेळी "दुसरा डोस ना?" एवढं मी मोठ्याने विचारलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. दोन्ही डोस एकाच लसीचे घ्यायचे.

७. पहिले दोन दिवस

मला दुपारी बाराला लस मिळाली. संध्याकाळपर्यंत फक्त दंड जड. रात्री अकराला अंगात थंडी भरली, ती अशी की मे महिन्यात पंखा बंद करून दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. दीडला ताप १०१.४. पॅरासिटामॉल घेतली, पहाटे घाम येऊन ताप उतरला. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं, संध्याकाळी मी वरणभात खाऊन झोपले आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले. दुसऱ्या डोसला फक्त दंड दुखला. आईला दोन्ही वेळा काहीही झालं नाही, आणि तीच घाबरली: "मला लस लागलीच नाही." तसं नसतं. ताप आला नाही म्हणून संरक्षण कमी मिळत नाही.

दंड दुखणं, ताप, थंडी, डोकेदुखी, अंगदुखी, थकवा, मळमळ हे नेहमीचं आहे आणि बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. त्रास झाला तर पॅरासिटामॉल घ्या, आधीपासून "येऊ नये म्हणून" घेऊ नका. दंडावर ओलं फडकं ठेवा, हात हलवत राहा. पाणी भरपूर. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळेल असा वार निवडा. मावशींची हजेरी बुडू नये म्हणून त्या तापातच कामावर निघाल्या होत्या. तुमच्याकडे कुणी कामाला येत असेल तर त्यांना लसीनंतर दोन दिवसांची भरपगारी रजा आधीच सांगून टाका. पुष्कळ जणी फक्त या भीतीने लस टाळतात.

ताप तीन दिवसांपुढे राहिला, किंवा खोकला, वास न येणं असं काही असेल तर ते लसीचं समजून बसू नका, कोविडची तपासणी करा. संरक्षण दुसऱ्या डोसनंतर दोन आठवड्यांनी पूर्ण तयार होतं, तोवर आणि त्यानंतरही तेव्हा मास्क हवाच होता.

आता दुर्मीळ पण महत्त्वाचं. कोविशिल्डनंतर क्वचित रक्तात गुठळ्या होतात. केंद्र सरकारच्या समितीने मे २०२१ मध्ये दिलेला आकडा १० लाख डोसांमागे ०.६१ प्रकरणं असा आहे. म्हणजे फारच कमी, पण लक्षणं माहीत असू द्या. पुढच्या २० दिवसांत श्वास लागणं, छातीत दुखणं, हात किंवा पाय दुखून सुजणं, सुईच्या जागेपासून दूर त्वचेवर लाल बारीक ठिपके किंवा काळेनिळे डाग, न थांबणारी पोटदुखी, आधी कधीच नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणं, यांतलं काहीही झालं तर थेट दवाखान्यात जा आणि लस कधी घेतली ते सांगा.

जूनमध्ये अंगाला चमचे चिकटल्याचा व्हिडिओ नाशिकहून गावोगाव पोचला आणि आत्याने तेवढ्यावर जायचं रद्द केलं. तिच्याशी वाद घालून उपयोग झाला नाही. एका डोसात जेमतेम अर्धा मिलिलिटर औषध असतं आणि त्यात लोखंड नसतं, हे सांगूनही नाही. शेवटी लस न घेतलेल्या माझ्या दहा वर्षांच्या भाचीच्या घामेजल्या कपाळाला आम्ही चमचा चिकटवून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात आत्या स्वतःहून तयार झाली.

८. दुसऱ्या डोसची तारीख

ऑगस्ट २०२१ मध्ये नियम असा होता. कोविशिल्ड: १२ ते १६ आठवडे, म्हणजे ८४ दिवस पूर्ण झाल्यावर. कोवॅक्सिन: ४ ते ६ आठवडे, म्हणजे २८ दिवसांनंतर. मार्चमध्ये कोविशिल्डला २८ दिवस सांगत होते, मग ६ ते ८ आठवडे झाले आणि १३ मेपासून १२ ते १६. त्यामुळे जुन्या कागदावर सिस्टरनी पेनने लिहिलेली तारीख धरून जाऊ नका, दिवस मोजा. ८४ च्या आधी गेलं तर कोविन नोंदच घेत नसे. माझे ३० जुलैला पूर्ण झाले, ३१ ला मी गेले.

उशीर झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जमेल तितक्या लवकर दुसरा घ्या.

शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेता यायचा, त्यासाठी प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र आणि पासपोर्ट दाखवावा लागायचा. कोवॅक्सिन ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नव्हती. त्यामुळे ज्या देशात जायचंय त्याचे नियम पाहूनच पहिला डोस निवडा. नंतर बदलता येत नाही.

९. प्रमाणपत्र

डोस झाला की कोविनवर त्याच नंबरने जाऊन प्रमाणपत्र उतरवा. सोपा रस्ता तेव्हा व्हॉट्सॲपचा होता: ९०१३१५१५१५ हा नंबर सेव्ह करा, त्यावर इंग्रजीत 'डाऊनलोड सर्टिफिकेट' असं लिहून पाठवा, ओटीपी येतो, तो टाकला की प्रमाणपत्र येतं.

उतरवल्यावर लगेच वाचा. नाव, जन्मवर्ष, लिंग यांत चूक असेल तर कोविनवर खात्यात तक्रार नोंदवण्याची सोय आहे. दुरुस्ती एकदाच होते, म्हणून अक्षर न् अक्षर तपासून मगच पाठवा. पासपोर्टचा क्रमांकही तिथेच जोडता येतो. आणि आईसारखं दोन वेळा "पहिला डोस" झालं असेल तर दोन्ही नोंदी एकत्र करण्याचा पर्याय त्याच जागी आहे. शेजारणीच्या मुलाने रविवारी वेळ काढून फोनवर थांबून ओटीपी सांगितला, तेव्हा कुठे आमचं झालं. शिबिरातून किंवा केंद्रातून मेसेजच आला नसेल तर हा रस्ता चालत नाही. तिथे त्याच केंद्रात जाऊन नोंद करून घ्यावी लागते, म्हणून लसीच्या दिवसाचा कागद जपून ठेवा.

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत लोकलने जायला दोन्ही डोस आणि त्यानंतर १४ दिवस झालेले असणं गरजेचं होतं. डोंबिवलीच्या भावाला पाससाठी स्टेशनवरच्या मदत कक्षात प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र दोन्ही मागितलं. प्रमाणपत्र सापडेना म्हणून परत जाणारी माणसं त्याला तिथे बरीच दिसली. एक प्रिंट काढून पाकिटात ठेवा. ते लॅमिनेट करून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला फोनवर पाठवू नका, त्यावर तुमची बरीच माहिती असते.

मावशींचा पहिला डोस ७ जुलैला झाला, त्यांची नोंद माझ्या नंबरवर होती. त्यांचे ८४ दिवस २९ सप्टेंबरला पूर्ण होणार होते. ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल पेनने गोल करून ठेवली होती, आणि त्यांनी त्यांच्या घरच्या कालनिर्णयावर.